तात्यांचा कंदील

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही "तात्या गेले" एवढंच बोललात आणि लगेच लाइट बिलाचं काढलंत, मला कळलं तुम्हाला पुढं बोलवत नव्हतं म्हणून मीपण गप्प बसले. पण दोन रात्री झोप नाही नीट, म्हणून लिहितेय.

सारखं ते पेव, जमिनीखालचं हळद साठवायचं कोठार, उघडणं आठवतंय. मी तिसरी-चौथीत असेन. वरची माती उकरून फरशी सरकवली की तात्या आम्हा पोरांना जवळ फिरकू द्यायचे नाहीत, दोन-तीन तास तोंड तसंच उघडं, मग दोरीला कंदील बांधून हळूहळू आत सोडायचे आणि वाकून ज्योत बघत बसायचे. बारीक झाली की कंदील वर, परत थांबायचं. आत हवाच नसायची, म्हणून तर हळदीला वर्षानुवर्षं कीड लागत नव्हती, पण माणूस घाईनं उतरला की संपला. एकदा तो सांगलीचा व्यापारी ट्रक उभाय म्हणून लई कावला होता, तर तात्या म्हणाले "मग मालक, तुम्हीच उतरा की पैलं" आणि चिंचेखाली बिडी ओढत बसले. थोड्या वेळानं मालकपण शेजारी येऊन बसले!

तात्यांची नखं पिवळी, टाचांच्या भेगा पिवळ्या, टोपीची आतली पट्टीसुद्धा पिवळी. आई, तू म्हणायचीस ह्यांची तर रोजच हळद असते. आणि हळदीचं दूध दिलं की तोंड वाकडं.

२००५ च्या पुरात हरिपुरातल्या पेवांत पाणी शिरलं तेव्हापासून मात्र ते बोलायचे कमीच झाले. नंतर मार्केट यार्डात गोडाऊनला हमाली केली, तिथं कंदील कुणाला लागतोय. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, मी कौतुकानं बातमी वाचून दाखवली तर म्हणाले "बरं झालं. हमाली वाढली का?" मी हसले होते तेव्हा, आता आठवलं की कसंतरीच होतं.

बाबा, काकूंना सांगा तो कंदील भंगारात घालू नका, काच फुटकी असली तरी मला हवाय. श्रावणात सोमवारी संगमेश्वराला येतेय तेव्हा घेऊन जाईन. आणि आई, बाबांना एकटं त्या कट्ट्यावर बसू देऊ नकोस गं, निदान काही दिवस.

तुमची,
बबी