ओरखडे फिल्मचे नव्हेत, प्रोजेक्टरचे

मा. संपादक,

जुन्या घरगुती फिल्मच्या हौसेपायी हल्ली मोबाइलवर ‘सुपर 8’ या जुन्या घरगुती फिल्मच्या नावाचे फिल्टर मिळतात. उभे ओरखडे, थरथर, पिवळट झाक. नीट चालवलेली कोडाक्रोम ही कोडॅकची रंगीत फिल्म अशी कधीच दिसत नसे. प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या खाचेत, साचलेली धूळ घासली की उभा ओरखडा उठतो. गेट न पुसणाऱ्याची ती करणी.

म्हणूनच माळ्यावर रिळे सापडली की लगेच प्रोजेक्टरवर चढवू नयेत. आधी डबा उघडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे अ‍ॅसिटेटचे, फिल्मच्या प्लास्टिक पट्टीचे, विघटन सुरू झाले. अशी फिल्म आकसते, कडेच्या छिद्रांमधले अंतर घटते आणि फिल्म ओढणारा पंजा ती छिद्रे फाडतो. हे रीळ इतरांपासून वेगळे ठेवावे आणि स्कॅनिंगला पहिले पाठवावे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत बुरशीही धरते. ती ओल्या फडक्याने पुसू नये. बुरशीने चित्र धरून ठेवणारे जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगे केलेले असते, त्यामुळे बुरशीबरोबर चित्रही निघून येते.

मग फिल्मचा प्रकार पाहावा. 1932 साली आलेल्या जुन्या 8 मिमी फिल्मची छिद्रे मोठी आणि दोन चौकटींमधल्या (फ्रेममधल्या) रेषेवर. 1965 च्या सुपर 8 ची बारीक, चौकटीच्या मध्याशी. एकीच्या गेटमधून दुसरी चालवली की नासधूस ठरलेली. सुपर 8 चे कार्ट्रिज 50 फुटांचे, सेकंदाला 18 चौकटींनी 3 मिनिटे 20 सेकंदांत संपणारे. अख्खे लग्न त्यात बसवायचे तर मंगलाष्टकांवर फिल्म घालवणे परवडत नसे, त्यातून बहुतेकदा आवाजही नाही!

फिल्म सिमेंटने, म्हणजे फिल्म जोडायच्या द्रवाने, केलेले जुने जोड सुकून सुटतात, तेही आधी तपासावेत. फुजीची सिंगल-8 पॉलिएस्टरची, तिला सिमेंट धरत नाही. टेपच लावावी लागते.

भिंतीवर पाडलेले चित्र मोबाइलने टिपले की लुकलुकते. तीन पात्यांच्या शटरचा प्रोजेक्टर सेकंदाला 16⅔ चौकटींवर आणला तर प्रत्येक चौकटीचे तीन असे सेकंदाला 50 झोत पडतात. कॅमेरा 25 फ्रेमवर आणि शटर 1/50 वर ठेवला की लुकलुक थांबते. पण हे धडधाकट रिळापुरतेच. आकसलेल्या फिल्मला दाते नसलेला, रुळांवरून फिल्म नेणारा स्कॅनर हवा. स्कॅन झाल्यावर मूळ रीळ फेकू नये, हवाबंद डब्यातही कोंडू नये. आतल्या आत आम्लाची वाफ साठून विघटन वेग घेते.

– एक वाचक, मुंबई