1947 ला सगळा देश सुटला होता का, मंत्रिमहोदय?

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

एकाही स्वातंत्र्यसैनिकाच्या पत्नीचा अर्ज पडून राहणार नाही, असा शब्द आपण जाहीर सभेत दिला होता. त्या भरवशावर आईने पेन्शनसाठी अर्ज केला. परवा उत्तर आले: कारावासाचा पुरावा नाही, अर्ज नामंजूर. वर कार्यालयातल्या साहेबांनी मला ऐकवले, "देश 1947 ला स्वतंत्र झाला, बाई. 1955 ला कसला लढा?"

आपले अधिकारी असे बोलतात? इंग्रज गेले, तरी 1510 पासून गोव्यात बसलेले पोर्तुगीज हलले नव्हते. समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी 18 जून 1946 ला मडगावात सभाबंदी मोडली, त्यांना पकडले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने 1951 मध्ये घटनाच बदलली आणि गोवा ही वसाहत नाही, पोर्तुगालचाच प्रांत आहे, असे ठरवून टाकले. मग लोकांनी करायचे काय? 15 ऑगस्ट 1955 ला हजारो माणसे हातात काठीही न घेता हद्दीवर चालून गेली. पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. पंजाबचे कर्नैलसिंग, पनवेलचे हिरवे गुरुजी, वीसहून अधिक माणसे त्या दिवशी गेली.

माझे बाबा त्या दिवशी गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला होते, 22 वर्षांचे. बंदुकीच्या दस्त्यांनी त्यांना फोडून काढले आणि हद्दीबाहेर आणून टाकले. कितीतरी सत्याग्रहींचे असेच झाले. पोर्तुगीज पोलीस मार देत होते, दाखले देत नव्हते! बाबांचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. जन्मभर आईने त्यांना सदरा घातला. हा पुरावा कोणत्या रकान्यात भरायचा?

गोव्याच्या मुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे पोर्तुगालच्या तुरुंगात होते, 1969 ला सुटले. त्यांनाही लढा 1947 ला संपला म्हणून सांगितले असते का?

आणि राग एका कार्यालयावर नाही. त्या गोळीबारानंतर आपल्याच सरकारने सत्याग्रहींना हद्दीवर अडवले. सैन्य पाठवायला डिसेंबर 1961 उजाडला, आणि काम दोन दिवसांत झाले. तोवर ज्यांनी मार खाल्ला, त्यांना तेव्हाही कोणी विचारले नाही, आजही विचारत नाही. या राज्यात शिक्का असेल तोच लढला, बाकीचे सगळे खोटे.

अर्ज पुन्हा उघडा. मारून परत टाकलेल्यांना कारावासाची अट लावू नका. बाबांवर सावंतवाडीत उपचार झाले होते, ते जुने कागद शोधायला आपला माणूस पाठवा. आई 87 वर्षांची आहे. तिला आता पुढची तारीख देऊ नका.

आपली,
एका गोवा सत्याग्रहीची मुलगी