आधी मांडी, मग मन

चि. प्रज्ञाला अनेक आशीर्वाद.

झेनला, म्हणजे जपानी बौद्ध पद्धतीच्या ध्यानाला, बसायला लागलीस, पण दहा मिनिटांत पाठ भरून येते आणि पाय मुंग्यांनी बधिर होतो, असं लिहिलंस. मन एकाग्र होत नाही याची काळजी तूर्त सोड, आधी मांडी पाहू. चीनहून परतल्यावर १२२७ मध्ये जपानी झेन गुरू दोगेन यांनी झाझेनच्या, म्हणजे या बैठ्या ध्यानाच्या, सूचना लिहिल्या. त्यातही उशी, पाय, हात, जीभ, डोळे यांचं बारीक वर्णन आहे.

पाठ भरते, कारण तुझे गुडघे अधांतरी राहत असतील. दोन गुडघे आणि बूड, हे चुलीचे तीन दगड समज. एक जरी उचलला गेला तरी भांडं कलतं. मग कंबर मागे ढळते आणि सगळा भार पाठीवर येतो. वाकळीची घट्ट घडी कर, बसल्यावर दबून पाच-सहा इंच उरेल एवढी. पूर्ण घडीवर बसू नकोस, पुढच्या अर्ध्या भागावरच बस. तरी गुडघे टेकले नाहीत तर अजून एक घडी वाढव. पाय हाताने ओढून मांडीवर चढवायचा नाही. खुबा मोकळा नसला की तो पीळ गुडघ्यात उतरतो. निंदणाला उकिडवं बसणाऱ्या बायांचे खुबे मोकळे असतात. तू दिवसभर खुर्चीवर असतेस, तुला वेळ लागेल. तोवर दोन्ही पाय एकापुढे एक जमिनीवर ठेव. मुंग्या आल्या तर चालतं, पण गुडघ्यात कळ आली तर लगेच पाय बदल.

उजव्या तळव्यावर डावा तळवा, दोन्ही अंगठ्यांची टोकं जेमतेम टेकलेली. हे अंगठे फार खरं बोलतात: खाली गळले तर डुलकी लागली, वर टोक काढलं तर ताण आला. कान खांद्यांच्या रेषेत, नाक बेंबीच्या, जीभ टाळूला. आनापानात, म्हणजे श्वासाकडे बघत राहण्याच्या ध्यानात, डोळे मिटतात, इथे मिटायचे नाहीत. भिंतीकडे तोंड करून नजर हातभर अंतरावर खाली सोड. मिटलेस की झोप येते, नाहीतर मनातला सिनेमा सुरू होतो.

श्वास मुद्दाम लांबवू नकोस. सोडताना मोज, एक ते दहा, मग पुन्हा एक. मधेच हरवलीस की एकवर ये. तेरा-चौदापर्यंत गेलीस तर ओठ मोजत होते, तू नव्हतीस; तेव्हाही एकवर ये. दहापर्यंत पोचणं हा हिशोब नाही, परत येणं हाच सराव आहे, हे मी अगदी कळकळीने सांगते.

कधी भिंतीवर उजेड दिसेल, भिंत हलल्यासारखी वाटेल. याला माक्यो म्हणतात. कोणी दर्शन म्हणेल, कोणी बाधा म्हणेल. तू मोजत राहा.

वेळेसाठी घड्याळाकडे बघत बसू नकोस. एक उदबत्ती किती मिनिटं जळते ते एकदा पाहून ठेव आणि पंधरा मिनिटांची होईल एवढा तुकडा मोडून लाव. उन्हाळ्यात पहाटेच बस, नंतर अंग घामाने चिकटतं. उठताना डावी-उजवीकडे डोल, पाय चोळ, मग उभी राहा.

काटेसावरीची बोंडं फुटायला लागली आहेत. जपानातही ध्यानाला बसायच्या उशीत सावरीच्या जातीचाच कापूस भरतात. एक हात रुंद गोल उशी शिवून ठासून भरते आणि पाठवते. तोवर वाकळीवर बस.

तुझी आई