'क्षमस्व'वर मारलेली रेघ

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

पीएचडीला प्रवेश मिळाल्याचं पत्र काल आलं आणि मी आधी ती जुनी वही शोधून काढली. पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं, "हे गणित इंजिनिअरच्या पद्धतीने सोडवलं आहे, क्षमस्व." तुम्ही पेन्सिलीने फक्त 'क्षमस्व' खोडलंत. बाकीचं वाक्य तसंच ठेवलंत. पुढे सातव्या पानावर उणे चिन्ह सुटलं होतं, तिथे बारीकसा गोल आहे. म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत वाचलं होतंत!

त्याआधी तीन ठिकाणांहून ती वही न उघडताच परत आली होती. "इलेक्ट्रिकलवाल्यांनी मोटारी बघाव्यात," असं एकांनी तोंडावर सुनावलं. ते अजून बोचतं. चूक काढली असती तर चाललं असतं हो, पण निदान पान तरी उलटायचं.

पुढे थोर भौतिकशास्त्रज्ञ झालेल्या पॉल डिरॅकची गोष्ट मला तुमच्याकडूनच कळली. १९२१ साली ब्रिस्टलमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी पहिल्या वर्गात, आणि महायुद्धानंतरच्या मंदीत नोकरी नाही. केंब्रिजची शिष्यवृत्ती मिळाली, पण ती खर्चाला पुरेना. मग ब्रिस्टलच्याच गणिताच्या प्राध्यापकांनी त्याला फी न घेता वर्गात बसवलं. पुढे केंब्रिजला, १९२५ मध्ये, हायझेनबर्गच्या क्वांटम सिद्धांतावरच्या नव्या निबंधाची प्रुफं आली, तेव्हा त्याचे मार्गदर्शक राल्फ फाउलर यांनी ती सुट्टीत घरी गेलेल्या या तेवीस वर्षांच्या पोराकडे पाठवली, तुला काय वाटतं ते कळव म्हणून. इलेक्ट्रॉनचं वर्णन करणारं डिरॅकचं समीकरण १९२८ चं, नोबेल १९३३ चं. पण सांगताना तुमचा आवाज भरून आला तो त्या माफ केलेल्या फीपाशी.

अंदाजी उत्तरांशी जुळवून घ्यायला इंजिनिअरिंगने शिकवलं, असं डिरॅक स्वतः सांगत. त्यांचं डेल्टा फंक्शन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते ओळखीचंच वाटलं: सर्किटला क्षणभर दिलेला झटका, रुंदी शून्य आणि क्षेत्रफळ एक. हे तुमच्यासमोर भीत भीत बोललो, तर तुम्ही खडू माझ्या हातात दिलात आणि स्वतः बाकावर जाऊन बसलात.

समोरच्याचं काम आधी वाचायचं, मग बोलायचं. एवढा चांगुलपणा ज्यांच्या अंगी आहे, त्यांच्या जिवावर माझ्यासारखे किती जण उभे राहत असतील!

सर, ते सुटलेलं उणे चिन्ह दुरुस्त केलं आहे. नव्या कामाचं पहिलं टिपण याच पाकिटात ठेवतोय. पद्धत इंजिनिअरचीच आहे.

तुमचा विद्यार्थी