निकालावर अनुदान? हे एकदा करून झालंय

संपादक साहेब, स.न.वि.वि.

सरकारी शाळांना अनुदान निकाल बघूनच द्या, असं एका वाचकाने गेल्या रविवारी लिहिलं होतं. आयडिया नवीन नाही हो, इंग्लंडात 1862 पासून हेच चालू केलं होतं, इन्स्पेक्टर यायचा, वाचन लेखन गणित तपासायचा आणि पोरगं ज्या विषयात नापास त्याचे 2 शिलिंग 8 पेन्स शाळेचे कापले जायचे. मग काय, मास्तरांनी पुस्तकंच पाठ करून घेतली. मॅथ्यू अर्नॉल्ड, कवी, स्वतः इन्स्पेक्टर, त्यानेच लिहून ठेवलंय की नीट घोटून घेतलं तर खरं वाचता न येणारं मूलही वाचनात पास होतं.

अमेरिकेत बुशच्या काळात 2002 ला कायदा करून परत तेच, तिसरी ते आठवी दरवर्षी टेस्ट आणि 2014 पर्यंत शंभर टक्के मुलं पास, नाहीतर शाळेवर कारवाई. शंभर टक्के! अहो, वर्गात शंभर टक्के मुलं कधी हजर तरी असतात का? अटलांटात तर शिक्षकच उत्तरं खोडून बरोबर करत बसले, 2011 च्या चौकशीत 44 शाळा निघाल्या. शेवटी 2015 ला तो कायदाच बदलला.

मी हसत नाहीये त्यांना, कारण मीही हेच केलंय. एका वर्षी निकाल वाढवा म्हणून वरून प्रेशर आलं तेव्हा आम्ही चौथीच्या तीन याद्या केल्या, पास होणारी, काठावरची आणि राहू द्या वाली. जादा तास फक्त काठावरच्यांना. तिसऱ्या यादीतला एक जण, नुकताच बोट ठेवून अक्षरं जोडायला लागलेला, दप्तर घेऊन दारात येऊन उभा राहिला आणि मी त्याला म्हटलं, तुझं नाव नाहीये रे यात, घरी जा. निकाल वाढला, साहेब खूश.

टेस्ट घेऊच नका असं नाही म्हणत. पण जिथे निकाल कमी तिथला पैसा कापण्याऐवजी तिथे जास्तीचा एक शिक्षक द्या, फक्त मागे पडलेल्यांसाठी. फिनलंडात असा शिक्षक शाळेत असतो (आता पिसा या आंतरराष्ट्रीय परीक्षेत त्यांचेही मार्क घसरलेत, जादू कुठेच नाही). आमच्याकडे तसा कोणी असता तर तो पोरगा दारातून परत गेला नसता.

– एक निवृत्त शिक्षिका