यादीतला नंबर

विलेपार्ले, रविवार रात्र

प्रिय सुनील,

परवा फोनवर मी आवाज चढवला, ते मनाला लागून राहिलंय.

बारामतीला एका खोलीत राहून विमान शिकलेले आपण, आता आपल्या दोघांच्या विमान कंपन्या एक होताना दोन युनियनमध्ये. तू माझ्याआधी तीन वर्षं लागलास, पण तुमच्याकडे विमानं वाढली नाहीत. अजून उजव्या सीटवर, को-पायलटच आहेस. आमच्याकडे भराभर आली, मला सहाव्या वर्षी कमांड मिळाली, कॅप्टन झालो. वैमानिकांची एकत्र ज्येष्ठता यादी रुजू तारखेने लावली तर तू वर, आजच्या जागेप्रमाणे लावली तर मी. आणि बेस, रोस्टर, दिवाळीची रजा, कपातीत आधी घरी कोण, सगळं त्या नंबरवर.

अमेरिकेत हेच झालं. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या 2005 मध्ये एक झाल्या. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांचा निवाडा 2007 मध्ये आला. मोठ्या, रुंद विमानांवरचे 517 ज्येष्ठ ईस्टवाले (म्हणजे जुन्या यूएस एअरवेजचे वैमानिक) सर्वांत वर, बाकीचे आपापल्या यादीतल्या स्थानाच्या प्रमाणात, कपातीत घरी बसलेले तळाला. 17 वर्षं काढलेला माणूस नुकत्याच लागलेल्या पोराशेजारी आला. निवाडा मानायचा असं आधीच ठरलेलं. तरी संख्येने जास्त असलेल्या ईस्टवाल्यांनी 2008 मध्ये जुनी युनियनच मतदानाने हटवली. सामाईक करार रखडला, आणि दिवाळखोरीत कापलेल्या पगारावर तेच वर्षानुवर्षं उडत राहिले. त्यांचं दुःख खरं होतं रे. पण डोकी मोजून निवाडा मोडला, ते मला पटत नाही.

आपल्याकडे तर इंडियन एअरलाइन्सशी 2007 च्या विलीनीकरणानंतर एअर इंडियात 2012 साली नव्या ड्रीमलायनर विमानांच्या ट्रेनिंगवरून वैमानिकांचा 58 दिवस संप चालला.

काल जेवणाच्या टेबलावर दोन्ही याद्या पसरून पेन्सिलने नंबर लावत होतो. तुझ्या नावापाशी हात थांबला. माझ्या मेडिकलचे पैसे तू न विचारता भरले होतेस.

आमच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं: हातातली सीट कोणाचीही जाऊ नये, पहिली काही वर्षं तुमच्या विमानांवरची कमांड तुमच्याच माणसांना मिळावी, मग बाहेरच्या लवादाने यादी लावावी आणि ती दोघांनी पाळावी. बरेच जण चिडले. तू तुमच्याकडे हेच बोलशील का?

गुरुवारी मला सुट्टी आहे. जेवायलाच ये. याद्या टेबलावरच आहेत.

तुझा,
अभय