एक गाडी गेली तरी थांबा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी सकाळी टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटजवळ जे पाहिले, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. गेट पडलेले होते. खानापूरकडून आलेल्या मालगाडीचा शेवटचा डबा जेमतेम पुढे सरकला, तोच एक गृहस्थ दांड्याखालून स्कूटर वाकवून आत शिरले. पुढ्यात गणवेशातली लहान मुलगी उभी. त्याच वेळी दुसऱ्या रुळावरून स्टेशनकडची गाडी येत होती. मालगाडीच्या आडोशामुळे ती त्यांना दिसणे शक्यच नव्हते. गेटमन ओरडला, रांगेतल्या बायका ओरडल्या, म्हणून ते रुळाच्या अलीकडे थांबले. पोरगी हँडल घट्ट धरून होती.

ही सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. मिरज-लोंढा मार्गावर वर्षानुवर्षे एकच रूळ होता. एक गाडी गेली की पाऊल आपोआप पुढे पडायचे. आता रूळ दोन झाले, पण आपले पाऊल जुन्याच हिशेबाने पडते. शिवाय इंजिने विजेवर आली. डिझेलची धडधड दोन गल्ल्या अलीकडे कळायची, विजेची गाडी अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. सप्टेंबर २०२४ पासून हुबळी-पुणे आणि ऑगस्ट २०२५ पासून बेंगळूर-बेळगाव वंदे भारत धावते. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे येते. चालकाला आपण दिसलो आणि त्याने ब्रेक लावला, तरी ती जागच्या जागी थांबत नाही.

गेट उगाच लवकर पाडतात, अशी तक्रार मीही केली आहे. नंतर कारण समजले. जे गेट सिग्नलला जोडलेले असते, तिथे दोन्ही दांडे पूर्ण खाली येऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही. कोणी मध्येच दुचाकी घुसवली की गाडी तिकडे अडते आणि इकडे आपली रांग वाढते. गेटमनशी हुज्जत घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जबरदस्तीने गेट उघडणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूत कडलूरजवळ रेल्वेने शाळेच्या व्हॅनला धडक दिली आणि तीन विद्यार्थी गेले. ते गेट सिग्नलला जोडलेले नव्हते. आपल्या जिल्ह्यात असे एकही गेट शिल्लक असेल, तर रेल्वेने ते आधी जोडून घ्यावे.

रायबाग, कुडची, उगार भागातल्या ऊसवाल्यांना कळकळीची विनंती. रुळावरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. तिला हात लागावा लागत नाही, नुसते जवळ गेले तरी वीज झेप घेते. गेटअलीकडच्या लोखंडी कमानीला ऊस घासला, तर भार तिथेच उतरवा. ट्रॉलीवर चढून काठीने वाट काढू नका. ट्रॅक्टर रुळात अडकलाच तर आधी माणसे उतरवा आणि गेटमनकडे धावा. ट्रॅक्टर राहू दे.

कपिलेश्वर आणि तिसऱ्या गेटला उड्डाणपूल झाले, तसे इतरत्रही व्हावेत. तोवर निदान धोक्याची सूचना कन्नडबरोबर मराठीतही ठळक लिहावी. देसूर, खानापूर, गुंजीच्या शेतावर जाणाऱ्या कित्येक बायकांना तेवढेच वाचता येते. यात कुणी भाषेचे राजकारण आणू नये.

ते गृहस्थ हे पत्र वाचत असतील तर त्यांना सांगायचे आहे, मी घड्याळ पाहिले होते. दुसरी गाडी गेल्यावर दोन मिनिटांत गेट उघडले. तुमच्या मुलीची शाळा चुकली नसती.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव